राजाचा हात

कोकणातल्या एका बाजारपेठेच्या गावात एक मिस्त्री होता. रेडिओ, मिक्सर, पंखे, विहिरीवरचे पंप, जे बिघडेल ते तो दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली एक मुलगा काम शिकत होता. मुलगा हुशार होता. सोल्डर मारायला बसला की त्याचा हात जरासुद्धा हलत नसे.

दिवाळी झाली. आता गावोगावच्या जत्रा सुरू होणार होत्या आणि दशावतारी मंडळी पेटारे घेऊन बाहेर पडणार होती. एका दुपारी एका दशावतारी कंपनीचा मालक दुकानात आला.

"यंदा ट्रिकसीनचो प्रयोग आसा," तो म्हणाला. "देवी राजाक तलवार देता. राजान ती हातात घेतल्यार एकदम पेटाक होयी."

मिस्त्रीने मुलाकडे पाहिलं. मुलाचे डोळे चमकत होते.

"काकानू, ही मी करतंय," मुलगा म्हणाला.

"कर," मिस्त्री म्हणाला.

मुलगा कामाला लागला. दुकानाच्या कोपऱ्यात बंद पडलेल्या एलईडी ट्यूबलाइट पडल्या होत्या. त्यातली प्लास्टिकची एक ट्यूब त्याने घेतली. आतलं सगळं काढून टाकलं आणि दुधी रंगाची नळी तेवढी ठेवली. हे तलवारीचं पातं झालं. मग त्याने १२ व्होल्टची एलईडीची पट्टी घेतली. त्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कापायची खूण असते. खुणेवर कापली तर पट्टी पेटते, भलतीकडे कापली तर तिथले दिवे जातात. मुलाने बरोबर खुणेवर कापून दोन तुकडे केले आणि पाठीला पाठ लावून नळीत सरकवले, म्हणजे दोन्ही अंगांनी उजेड पडेल.

मूठ त्याने पाण्याच्या पाइपाची केली. आत स्प्रिंगचा होल्डर बसवला आणि त्यात ३.७ व्होल्टचे तीन लिथियम सेल एकापुढे एक घातले. पूर्ण चार्ज झाल्यावर ते १२.६ व्होल्ट देत. वायर त्याने मोजून कापली. बोटभरसुद्धा जास्त ठेवली नाही. लाल वायर धनाला, काळी ऋणाला. बटण त्याने मुठीच्या बुडाशी बसवलं, कारण तिथून ते कुणाला दिसणार नव्हतं.

संध्याकाळी त्याने बटण दाबलं. सगळं दुकान निळ्या उजेडाने भरलं. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघू लागली.

मिस्त्रीने तलवार हातात घेतली. फिरवून पाहिली. नावं ठेवली नाहीत आणि शाबासकीही दिली नाही. त्याने एवढंच विचारलं, "राजा हिका घेवन काय करतलो?"

"लढतलो."

"तू बघलंस?"

मुलगा गप्प झाला. लहानपणी तो जत्रेत जायचा, पण राजा रंगात येईपर्यंत आईच्या मांडीवर झोपून जायचा.

"आज शेजारच्या गावात त्याच कंपनीचो दशावतार आसा," मिस्त्री म्हणाला. "जा आणि बघ. पण तलवार हयच ठेव."

मुलगा गेला. देवळापुढे अगदी पुढच्या रांगेत बसला. पेटाऱ्याची पूजा झाली. संकासुर येऊन गेला. मध्यरात्र उलटली, मृदंगावर थाप पडली आणि राजा आला.

रंगमंचावर एक लाकडी बाकडं होतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. राजाने पहिली गोष्ट केली ती ही, की तलवारीचा सपाट फटका त्या बाकड्यावर मारला. मृदंग थांबला आणि राजा बोलू लागला. मग तो गर्रकन फिरला. तलवार उजव्या हातातून डाव्या हातात फेकली. तिचं टोक जमिनीत रोवून तिच्यावर सगळा भार टाकला आणि बराच वेळ बोलत राहिला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. राजा कधी थांबेल आणि कधी उसळेल हे त्याच्या शेजारच्या नटालाही आधी ठाऊक नसतं, मग तलवारीला कुठून असणार?

मुलगा डोळे फाडून बघत होता. राजाच्या दंडावरून घामाची धार निघाली, मनगटावर आली आणि मुठीत शिरली. राक्षस आला. तलवारीवर तलवार आपटली, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. गोष्ट काय चालली आहे हे मुलगा विसरून गेला.

राजा आत गेला तसा मुलगाही मागच्या बाजूने आत गेला. नट आरशासमोर स्वतःच्या हाताने चेहऱ्याचा रंग सारखा करत होता. मुलाने त्याला मुठीच्या बुडाशी बसवलेल्या बटणाबद्दल सांगितलं.

"झिला," नट म्हणाला, "माजी नजर देवीच्या तोंडार आसता. तेव्हा दिवे घालवलेले. बुडाशी बटण मी कसां शोधतलंय?"

त्याने मुलाचा हात धरला, आपल्या तलवारीच्या मुठीवर ठेवला आणि वरून आपला हात आवळला. "अंगठो खंय येता बघ," तो म्हणाला.

सकाळी मिस्त्री यायच्या आधीच मुलाने दुकान उघडलं. आपली तलवार घेतली, पेटवली आणि राजासारखा फटका दुकानाच्या बाकावर मारला. उजेड लपकन गेला आणि परत आला. दुसरा फटका मारला. पुन्हा तेच. सेल स्प्रिंगवर उडत होते आणि क्षणभर सुटत होते. तिसऱ्या फटक्याला तलवार विझली ती विझलीच.

मुलाने मूठ उघडली. लाल वायर तुटली होती, तीही सोल्डरच्या अगदी शेजारी. फटक्यासरशी नळीतली पट्टी पुढे सरकली होती आणि ताठ बसवलेल्या वायरला हिसका बसला होता. सोल्डर वीज नेण्यासाठी असतं, ओझं पेलण्यासाठी नसतं. वायरच्या तारांत जिथवर सोल्डर मुरतं तिथवर ती कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच मोडते. मुलाचा डाग अजून पट्टीवर होता. गुळगुळीत, चकचकीत आणि निरुपयोगी.

त्याने सगळं सोडवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

बांबूची एक चपटी कांब तासली. तिच्या दोन्ही अंगांना दिव्यांच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून दोऱ्याने बांधल्या आणि ती कांब नळीत घट्ट ठोकून बसवली. स्प्रिंगचा होल्डर काढून टाकला. निकेलच्या पट्ट्या कारखान्यातच जोडलेल्या असतात तसे सेल आणवले, कारण सेलच्या अंगाला सोल्डरिंग आयर्न लावायचं नाही हे मिस्त्रीने त्याला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. लिथियमचा सेल तापला तर पेट घेऊ शकतो आणि हा सेल माणसाच्या मुठीत असणार होता. म्हणून त्याने सेलवर संरक्षणाचं सर्किट बसवलं आणि एक छोटा फ्यूजही टाकला.

वायर या वेळी बारीक तारांची, मऊ घेतली. मुठीत तिचा एक सैल वळसा ठेवला. जिथे ती पात्यात शिरते तिथे तिला गाठ मारली, म्हणजे हिसका बसला तर गाठीला बसेल, सोल्डरपर्यंत जाणार नाही. बटण वर आणलं, नटाचा अंगठा जिथे आला होता तिथे. मूठ आवळल्यावर आपोआप दाबलं जाऊ नये म्हणून ते जरा खोल बसवलं. अंधारात बोटाला सापडावं म्हणून भोवती दोऱ्याचं कडं केलं आणि घाम शिरू नये म्हणून वर रबराची टोपी घातली.

तलवार पुन्हा पेटली. उजेड पहिल्यासारखाच होता. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही तलवारींत काही फरक दिसला नसता.

मिस्त्रीने ती कानाशी नेऊन हलवली. आत काही वाजलं नाही. मग त्याने ती बाकावर तीनदा आपटली. ती पेटलेलीच राहिली. त्याने ती मुलाच्या हातात दिली आणि म्हणाला, "देवन ये."

पुढच्या जत्रेत देवीने तलवार दिली, दिवे गेले आणि काळोखात निळं पातं उभं राहिलं. पोरं ओरडत उठून उभी राहिली. मुलगा मात्र राजाच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा शोधाशोध न करता बरोबर जागेवर गेला होता.

जत्रांचा हंगाम संपला. पावसाच्या तोंडावर मालक आणि राजाचं काम करणारा नट दुकानात आले. नळीवर ओरखडे होते. मुठीवरचं दोऱ्याचं कडं घामाने काळं पडलं होतं.

"एकदा पण विझूक नाय," मालक म्हणाला. "पोराचो हात चांगलो आसा."

"पयल्या तलवारीक पण तोच हात होतो," मिस्त्री म्हणाला. "टेबलार सगळ्योच तलवारी पेटतत. वस्तू ज्येच्या हातात जातली, त्येचो हात आदी बघूक होयो."

मुलाने मूठ उघडली. पावसाळ्यात दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून सेल काढून कोरड्या डब्यात ठेवायचे होते.

"फुडच्या वर्षी राजा माजो झील करतलो," नट म्हणाला. "तलवार हीच चलात मा?"

मुलाने पेचकस खाली ठेवला.

"तो उजवो काय डावखुरो?" त्याने विचारलं.