पावसाला लावलेला बोल

उद्या रविवार. पहाटे साडेपाचला नाशिकच्या गंगापूर रोडवर बस उभी राहील आणि बावीस-तेवीस माणसं माझ्यासोबत अंजनेरीच्या डोंगरावर निघतील. बारा वर्षं हे करते आहे. पाऊस उघडला की आमच्या गच्चीतून पश्चिमेला त्र्यंबकची डोंगररांग दिसते. आज संध्याकाळी ती स्वच्छ दिसली, आणि दोन वर्षं मनात दडवलेली गोष्ट लिहून काढल्याशिवाय उद्या डोंगर चढायचा नाही, असं ठरवलं.

अंजनेरीच्या गवती उतारावर एक कंदीलपुष्प उगवतं. 2006 मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून शास्त्रीय नोंद झाली आणि डोंगराचंच नाव त्याला मिळालं : सेरोपेजिया अंजनेरिका. मोजक्याच ठिकाणी सापडणारी ही वनस्पती. फुलाचं बूड फुगीर, त्यावर नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. इवल्याशा माश्या नळीत उतरतात. आतले केस खाली वळलेले, त्यामुळे त्यांना लगेच परतता येत नाही. केस सुकले की त्या सुटतात आणि अंगाला चिकटलेले पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेतात. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली. तरी माशीची ही गोष्ट सांगताना आजही माझा आवाज बदलतो.

पण ते फूल नेमकं कुठे आहे, हे मला पुस्तकाने दाखवलं नाही. पायथ्याच्या वाडीतल्या बाबांनी दाखवलं. ते आमचे वाटाडे. गट सोबत असला की ते त्या उताराला वळसा घालून खालच्या पायवाटेने नेत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "ताई, समदं दावायचं नसतं."

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये कुणीतरी विचारलं, "मॅडम, ते प्रसिद्ध फूल बघायला मिळणार ना?" बाबा पुढे निघून गेले होते. मी सगळ्यांना वर वळवलं. फूल दाखवलं, माशीची गोष्ट सांगितली, टाळ्या मिळाल्या. लोक गुडघे टेकून फोटो काढू लागले. कुणाच्या गुडघ्याखाली काय चिरडतंय, ते मी पाहिलं नाही. फोटोसोबत ठिकाण टाकू नका, एवढंही सांगितलं नाही. रात्रीपर्यंत ते फोटो कुठे कुठे पोचले होते.

पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी वीतभर खोल तीन खड्डे होते. या झाडाचा सगळा जीव जमिनीतल्या कंदात असतो, आणि कंदच नेलेले. कोणी खणलं ते मला सांगता येणार नाही. त्या जागेपर्यंतची वाट मी उघड केली, हे मात्र मला पक्कं माहीत आहे. गटातल्या एका मुलीने विचारलं, "या वर्षी फुलं का नाहीत?" मी म्हणाले, "यंदा पाऊस उशिरा झाला ना!"

बाबा शेजारीच उभे होते. तेव्हा काही बोलले नाहीत. उतरल्यावर बसजवळ हळूच म्हणाले, "ताई, पावसाला कशाला बोल लावला?"

त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आणि हे माझ्याच हातून व्हावं! 2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झालं, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटणारी मीच होते. वाटाड्याचं काम शिकणाऱ्या नव्या मुलांना मी एनॉस मिल्सची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या लाँग्ज पीकवर माणसांना नेता नेता त्याने निसर्गवाटाड्याचं काम घडवलं आणि 1920 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. फ्रीमन टिल्डननेही 1957 मध्ये बजावलंय, की नुसती माहिती देणं म्हणजे उलगडून दाखवणं नव्हे, ऐकणाऱ्याच्या मनात काही जागं व्हायला हवं. हे मी शिकवते. मग त्या दिवशी मी लोकांच्या मनात काय जागवलं? फूल आपल्या फोनमध्ये असायला हवं, ही हाव. आणि ती जागवताना मला टाळ्या हव्या होत्या.

बाबांची रीत आठवते. कड्यासमोर लांब एका दगडावर ते सगळ्यांना बसवतात. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. बोट तिकडे करून गप्प राहतात. पाच-दहा मिनिटांत एखादं गिधाड कड्यावरून सुटतं, पंख न हलवता वर चढतं. मग लोक आपणहून विचारतात : पूर्वी किती होती? कुठे गेली? तेव्हा मी डायक्लोफिनॅकबद्दल सांगते. गुरांना दिलेलं ते वेदनाशामक, मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते हे कळल्यावर आवाज आपोआप खाली येतात. घरट्याजवळ मात्र बाबा कुणालाही नेत नाहीत. त्या दगडावर लोकांना जे मिळतं, ते माझ्या फुलापाशी मिळालं नव्हतं.

आमच्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं. त्र्यंबकच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आम्ही रोज पितो. त्याच पावसावर मी माझी चूक ढकलली.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या गटाला आज रात्री मी खरं काय ते लिहून पाठवलं, फोटोंसोबतचं ठिकाण काढून टाका अशी विनंती केली. फुलं का नाहीत, असं विचारणाऱ्या त्या मुलीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतंत, मॅडम." बरोबर आहे तिचं.

उद्या बस सुटण्याआधी नव्या लोकांनाही हे सांगणार आहे : या डोंगरावर ते फूल आहे, आणि मी ते दाखवणार नाही. कुणाला परत जायचं असेल तर पैसे परत देईन. पुढे बाबा चालतील, खालच्या पायवाटेने. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांना द्यायचं आहे, सगळ्यांसमोर.