एकाच कार्याची अनेक कारणे

उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जगद्रूप कार्यावरून ईश्वररूप कर्त्याचे अनुमान केले, परंतु एकच कार्य अनेक कारणांनी संभवत असेल, तर अशा अनुमानाची मातब्बरी किती, हा प्रश्न पिकअपच्या एसीतून गरम वारा येऊ लागताच दत्त म्हणून उभा राहतो. गॅस गळाला असेल, कॉम्प्रेसरचा क्लच धरत नसेल, कंडेन्सर चिखलाने बुजला असेल. गेजवर विसंबावे, तर इंजिन बंद असता 30 अंश तापमानाला आर-134ए वायू सुमारे 97 पीएसआय दाब दाखवतो, मग तो पुरेपूर असो वा निम्मा. थोडा द्रव शिल्लक असला म्हणजे झाले! नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतील. सबब गॅस भरण्याची दरखास्त मंजूर करण्यापूर्वी बॉनेट उघडून क्लचची चकती फिरते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. कारागिराचे शब्दप्रमाण त्यानंतर.