नियम कधीपासून लागू?

२०१५च्या सिंहस्थात नाशिकची पहिली पर्वणी २९ ऑगस्टला होती. बंदोबस्त इतका कडक की भाविकांना बाहेरच्या वाहनतळांपासून कित्येक किलोमीटर पायपीट करावी लागली, पंचवटीतल्या रहिवाशांनाही घराबाहेर पडणे अवघड झाले आणि घाटांवर अपेक्षेच्या मानाने फारच थोडी माणसे पोहोचली. टीका झाली. १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल केले गेले. त्या कडकपणामागे २७ ऑगस्ट २००३ची आठवण होती. त्या दिवशी रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ जीव गेले होते. त्यानंतर प्रशासनाने सावध पवित्रा घेतला, यात मला काहीच गैर वाटत नाही. मात्र नियम बदलायला दोन पर्वण्यांमधले पंधरा दिवस हाताशी होते. गर्दीचा प्रवाह ओसरला होता, तेव्हा बदल झाला. भर पर्वणीत, लाखो माणसे रस्त्यावर असताना, तोच नियम बदलायचा असता तर तो कोणत्या नाक्यावर कधी पोहोचला असता?

संगणकाच्या जगात ‘स्ट्रीम प्रोसेसिंग’, म्हणजे अखंड येत राहणाऱ्या आकड्यांवर येतील तशी प्रक्रिया करणे, नावाची शाखा याच प्रश्नाशी झुंजत मोठी झाली. तिचा नाशिकशी संबंध ओढूनताणून आणलेला नाही. रमेश रासकर मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे. त्यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम उभा राहिला आणि त्यातून ‘आशियोतो’ ही चटई आली. पाऊल पडले की दाब मोजायचा, आकडा लगेच पुढे पाठवायचा. २०१५च्या कुंभात तिने १८ तासांत पाच लाखांहून अधिक माणसे मोजली. ही शब्दशः प्रवाहाची मोजणी होती: आकडे येतच राहणार, ‘आता संपले, हिशेब करा’ असा क्षण येणारच नाही.

अशा शेकडो चटया असत्या तर सगळे आकडे एका यंत्राला झेपले नसते. मग काम वाटून घ्यावे लागते. रामकुंडाचे आकडे एका यंत्राकडे, टाकळी घाटाचे दुसऱ्याकडे, दसक घाटाचे तिसऱ्याकडे. हे झाले पार्टिशन. प्रत्येक यंत्र आपापली बेरीज आपल्याच स्मरणात ठेवते, शेजाऱ्याला काही विचारत नाही. विचारत नाही म्हणूनच ते वेगवान असते. पण ‘मिनिटाला अमुक माणसांपेक्षा जास्त आली तर इशारा द्या’ ही मर्यादा सगळ्यांची मिळून एकच आहे. ती बदलायची, तर एकमेकांशी न बोलणाऱ्या या यंत्रांना सांगायचे कसे?

पहिले उत्तर पर्वणीसारखेच होते: थांबवा, बदला, पुन्हा सुरू करा. २०११मध्ये ट्विटरने खुल्या केलेल्या ‘स्टॉर्म’ या प्रणालीत अशा मर्यादेचे सेटिंग काम सुरू करतानाच बांधून दिले जाई. ‘स्पार्क’ या दुसऱ्या प्रणालीत सगळ्या यंत्रांना वाटलेले मूल्य फक्त वाचण्यापुरते असते, एकदा दिले की ते बदलत नाही. थांबलेल्या काळातले आकडे हरवत नाहीत, रांगेत साचून राहतात, यंत्रणा उठली की उपसले जातात. बँकेच्या मासिक अहवालाला हे चालून जाईल. गर्दीचा इशारा पाच मिनिटे उशिरा आला तर मात्र तो इशारा उरत नाही, नोंद उरते.

दुसरे उत्तर सोपे होते आणि आजही सर्रास वापरले जाते. मर्यादा एका डेटाबेसात ठेवायची आणि प्रत्येक यंत्राने दर थोड्या वेळाने तिथे डोकावायचे. यात दोन दोष आहेत. प्रत्येक जण आपापल्या वेळी डोकावतो, त्यामुळे काही काळ रामकुंडाला नवा नियम आणि दसकला जुना. दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो. यंत्र बंद पडून पुन्हा उठले, मागचे आकडे त्याने पुन्हा वाचले, तर सकाळच्या आकड्यांना दुपारचा नियम लागतो. इशारा तेव्हा का दिला नाही, हे नंतर कोणी विचारले तर यंत्रणेकडे खरे उत्तरच नसते. २००३नंतर चौकशी आयोग नेमावा लागला होता. प्रशासनाने अशी यंत्रणा वापरायची, तर कोणत्या क्षणी कोणता नियम होता हे तिला सांगता आलेच पाहिजे.

वळण आले ते नियमालाच घटना मानण्याने. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी ‘काफ्का’ घडवले. २०११मध्ये ते सर्वांना खुले झाले. घडलेले सारे क्रमाने लिहीत जायचे, लिहिलेले खोडायचे नाही, ज्याला हवे त्याने आपल्या वेगाने वाचायचे, असा त्याचा ढाचा. एकदा ही वही स्वीकारली की सेटिंगसुद्धा त्यात का लिहू नये? ‘मर्यादा बदलली’ हीही एक घटनाच. फक्त बाकीच्या घटना आपापल्या पार्टिशनकडे जातात आणि ही एक सगळ्यांकडे जायला हवी. कँडी क्रशवाल्या ‘किंग’ कंपनीने २०१६मध्ये हे करून दाखवले: विश्लेषकाने लिहिलेले नवे नियम चालू कामातल्या प्रत्येक यंत्राकडे प्रवाहातूनच पोहोचत. २०१८मध्ये ‘फ्लिंक’ या स्ट्रीम प्रोसेसिंग प्रणालीच्या १.५ आवृत्तीत ‘ब्रॉडकास्ट स्टेट’ म्हणून ही पद्धत पक्की झाली.

फ्लिंकने तिच्यावर घातलेली बंधने मला मूळ सोयीपेक्षा जास्त शहाणपणाची वाटतात. नियम बदलण्याचा हक्क फक्त नियमांच्या प्रवाहाला. आकड्यांच्या प्रवाहाने नियम वाचावा, हात लावू नये. लावला असता तर प्रत्येक यंत्राची नियमाची प्रत हळूहळू वेगळी झाली असती आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते. शिवाय स्पष्ट इशारा आहे: दोन बदल सगळ्या यंत्रांकडे एकाच क्रमाने पोहोचतील असे धरून चालू नका. म्हणजे ‘मर्यादा शंभरने कमी करा’ असा निरोप न देता ‘मर्यादा इतकी, बदल क्रमांक सात’ असा द्यावा. मग सहावा निरोप मागाहून आला तरी यंत्र तो बाजूला ठेवू शकते.

तरीही ‘कधीपासून’ हा प्रश्न उरतोच. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८मध्येच दाखवून दिले होते की विखुरलेल्या यंत्रांमध्ये सगळ्यांना समान असा ‘आत्ता’ गृहीत धरता येत नाही. २०१५मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी ‘डेटाफ्लो’ प्रारूप मांडले, त्यात घटना घडल्याची वेळ आणि ती यंत्रापर्यंत पोहोचल्याची वेळ यांची स्पष्ट फारकत केली. कुंभात ही फारकत पुस्तकी राहत नाही. गर्दीत मोबाइलचे जाळे गुदमरते आणि १०:३८चा आकडा १०:४५ला येतो. नियम १०:४०पासून लागू असेल तर त्या आकड्याला जुनाच नियम लावला पाहिजे. म्हणजे नव्या नियमावर ‘१०:४०पासून’ असा शिक्का हवा, आणि मागे राहिलेले सगळे आकडे येऊन गेले असे मानता येईपर्यंत जुना नियमही जपून ठेवायला हवा.

याचा अर्थ असा की बदलाच्या काळात दोन्ही नियम एकाच वेळी जिवंत असतात. या क्षेत्रात नवे आलेले लोक ‘सगळीकडे एकदम’ बदल घडवण्याचा हट्ट धरतात. तसे करता येते, पण त्यासाठी सगळ्यांना थांबवून एकमेकांची वाट पाहायला लावावे लागते, आणि मग आपण पहिल्याच उत्तरापाशी परत येतो. माझ्या मते खरे कौशल्य बदलाचा क्रम ठरवण्यात आहे. रामकुंडाचा रस्ता बंद करायचा असेल तर आधी बाहेरच्या नाक्यांनी लोंढा अडवावा, मग आतल्यांनी. उलट झाले तर बाहेरून माणसे येत राहतात आणि मधल्या गल्लीत अडकतात. रस्ता उघडताना क्रम नेमका उलटा: आधी आतले, मग बाहेरचे. हा क्रम पाळला तर मधली काही मिनिटे दोन नियम एकत्र चालले तरी कोणाला धोका होत नाही. प्रवाहाच्या उगमाकडच्या आणि टोकाकडच्या यंत्रांनाही हाच न्याय लागतो, आणि सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनी तो गर्दीचा अभ्यास करणाऱ्यांकडून शिकण्यासारखा आहे.

नाशिकचा पुढचा सिंहस्थ २०२७मध्ये आहे. मोजणीची साधने या वेळी कितीतरी अधिक असतील, कॅमेरे असतील, नियंत्रण कक्षात मोठे पडदे असतील. ती यंत्रणा विकत घेणाऱ्यांनी पडद्यावरच्या नकाशाचे रंग पाहण्याआधी विचारावे: भर पर्वणीत मर्यादा बदलली तर कोणत्या घाटाच्या यंत्राने बदल क्रमांक किती, कोणत्या मिनिटापासून लावला, हे दाखवता येईल का? एखाद्या नाक्यापर्यंत बदल पोहोचलाच नाही तर ते कक्षातल्या माणसाला किती सेकंदांत कळेल? आणि तोवर त्या नाक्याने कोणता नियम पाळायचा, हे आधीच ठरलेले आहे का?