झोपेची अमानत

अमानत हा शब्द उच्चारला की आपल्या मनात ठेव म्हणून दिलेली रक्कम, दागिने किंवा फार तर एखादे गुपित येते. शरीअतने या शब्दाची कक्षा फार व्यापक ठेवली आहे. मनुष्याचा देह ही त्याची स्वतःची मालमत्ता नव्हे; निर्मात्याने ठराविक काळासाठी त्याच्या हाती सोपविलेली ती ठेव आहे. ठेव वापरायची तर ती ज्याची आहे त्याच्या अटींवरच वापरावी लागते. दिव्य कुरआनच्या सूरह नबामध्ये पर्वत, रात्र, दिवस आणि सात आकाशांच्या बरोबरीने मनुष्याच्या झोपेचाही उल्लेख आला आहे, आणि तो विश्रांतीची देणगी म्हणून आला आहे. मजूर आपले श्रम मोबदला घेऊन देऊ शकतो, याविषयी दुमत नाही. पण तो आपली झोप विकू शकतो काय? आणि दुसऱ्याला ती विकत घेता येते काय?

हा प्रश्न केवळ मदरशातील चर्चेचा नाही. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल ट्रकच्या चाकांवर पेटते. कोणी चालक आहे, कोणी क्लीनर, कोणी एक-दोन गाड्यांचा मालक, तर कोणी बिल्टी लिहिणारा मुनीम. मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव, धुळे ओलांडून उत्तरेकडे जाणारा कांदा असो की न्हावाशेवा बंदरातून निघालेला कंटेनर, त्यामागे कोणाचे तरी जागरण उभे असते.

देशाचा कायदा या बाबतीत मुका नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती वाढविता येई. तरीही दिवसाला दहा आणि आठवड्याला चौपन्न तासांपलीकडे नाही. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी, असेही त्यात होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकांच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखविले. २०२० साली संमत झालेल्या कामगार संहितेत हा जुना कायदा सामावून घेतला गेला. आठ तासांच्या दिवसाचे तत्त्व तिथेही कायम आहे. मात्र १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. ज्याच्या दारात एकच गाडी उभी आहे आणि जो स्वतःच ती चालवतो, त्याचे तास मोजणारा कोणी नव्हता. युरोपात ट्रकमध्ये बसविलेले यंत्र चालकाचे तास नोंदवते. आपल्याकडे ते बहुधा चालकाच्या लाल डोळ्यांवरच नोंदले जातात.

याला मालकांचे उत्तर असते आणि ते ऐकून घेणे न्यायाचे आहे. डिझेल, टायर, टोल, विमा आणि बँकेचा हप्ता यांतील एकही खर्च थांबत नाही. नव्या गाड्यांना इंजिनाच्या धुरासाठी युरियाचे द्रावणही विकत घ्यावे लागते. भाडे मात्र दलाल आणि व्यापारी ठरवितात. आपण वाढवून मागितले, तर तेवढ्याच पैशांत माल उचलायला मागे दुसरी गाडी उभी असते. अशा वेळी महिन्याला आणखी एक-दोन फेऱ्या मारणे एवढाच मार्ग उरतो. शिवाय मालक म्हणतो, ‘मी कोणावर जबरदस्ती करत नाही. चालक स्वखुशीने जातो. फेरी जास्त, तर त्याचीही कमाई जास्त.’

या युक्तिवादाचा मुख्य आधार ‘खुशी’ हा आहे. म्हणून आधी तोच तपासू. इस्लामी व्यवहारशास्त्रात परस्परसंमती ही कराराची अट आहे, यात शंका नाही. पण संमतीने प्रत्येक गोष्ट वैध होत नाही. व्याज घेणारा आणि देणारा दोघेही राजी असतात. तरी व्याज हराम ते हरामच. संमती आपल्या मालकीच्या वस्तूची देता येते. जी वस्तू आपल्याजवळ केवळ ठेव आहे, तिच्या नाशाला संमती देण्याचा अधिकार आपल्याला मिळालेलाच नाही. सूरह निसामध्ये (आयत २९) परस्परांचा माल अन्यायाने खाण्यास मनाई करून व्यापाराला संमतीची अट घातली आहे, आणि त्याच आयतीत लगेच स्वतःचा जीव घेण्यासही मनाई केली आहे. व्यवहाराची संमती आणि जिवाची सुरक्षा या दोन गोष्टी एकाच आयतीत शेजारी आल्या आहेत. पहिलीच्या नावाखाली दुसरीला धक्का लावता येणार नाही, असाच बोध मी त्यातून घेतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण याहून स्पष्ट आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रात्रभर इबादत करीत आणि दिवसा रोजा ठेवीत, हे कळल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले, की तुमच्या शरीराचा तुमच्यावर हक्क आहे आणि डोळ्यांचाही हक्क आहे. ह. आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये नमाज पढताना डुलकी येऊ लागली तर झोप जाईपर्यंत निजावे, असे मार्गदर्शन आहे, कारण माणूस क्षमा मागायला जाईल आणि झोपेच्या भरात स्वतःलाच शाप देऊन बसेल. थोडा विचार करा. नमाजमध्ये डुलकी लागली तर चूक फक्त जिभेची होते, आणि तरीही झोपण्याची शिकवण आहे. स्टीयरिंगवर डुलकी लागली तर तीस-चाळीस टनांची गाडी समोरच्या कुटुंबावर जाते. जी थकवा आलेली इबादत अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) पुढे ढकलायला सांगितली, तिच्याहून व्यापाऱ्याचा माल अधिक तातडीचा कसा ठरेल?

हनफी फिक्हच्या ग्रंथांत हत्येच्या प्रकारांचे वर्णन करताना एक उदाहरण येते. झोपलेला माणूस कुशीवर वळला आणि त्याच्या अंगाखाली सापडून दुसरा मेला. झोपलेल्याचा हेतू नव्हता, भानही नव्हते. तरीही ही हत्या ‘चुकून झालेल्या हत्येच्या’ कक्षेत मोजली गेली आणि तिच्यावर दियत व कफ्फारा आला. झोपेतील कृती उत्तरदायित्वातून पूर्ण सुटत नाही, हे फुकहांनी शतकांपूर्वी ओळखले होते. त्याच प्रकरणात पुढे दुसऱ्याच्या जमिनीत विहीर खणणाऱ्याचे उदाहरण आहे. त्याने कोणाला ढकलले नाही. पण खड्डा त्याने खणला, म्हणून पडून मेलेल्याची भरपाई त्याच्याकडे जाते. इथे मी फतवा देत नाही. त्यासाठी मुफ्ती महोदय आहेत. परंतु पोहोचणे अशक्य अशी वेळ बिल्टीवर लिहिणारा आणि उशीर झाल्यास भाडे कापणारा माणूस कोणता खड्डा खणत असतो, हा प्रश्न त्याने स्वतःच्या अंतःकरणाला विचारावा.

देशाच्या कायद्याची नजर मात्र अजून चालकावरच खिळलेली आहे. अपघात करून न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक थांबले. पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवण्यात आले. जखमीला टाकून पळणे गुन्हाच आहे, त्याची पाठराखण कोणी करू नये. पण वेळापत्रक आखणारा त्या संपूर्ण चर्चेत कुठेच नव्हता. आखिरतच्या न्यायालयात अशी सूट नाही. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या हाताखालच्यांविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर कुवतीबाहेरचे ओझे टाकू नका आणि टाकलेच तर स्वतः हात लावा, ही ह. अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेली शिकवणही परिचित आहे. ट्रकच्या संदर्भात ‘हात लावणे’ म्हणजे दुसरा चालक देणे.

आता खर्चाचा प्रश्न. दुसऱ्या चालकाचे पैसे आणायचे कुठून? मला वाटते, हिशेबाची चूक आधीच झालेली असते. सोळा तासांच्या जागरणावर जे भाडे परवडते, ते मुळात परवडतच नाही. उरलेली किंमत कोणाच्या तरी शरीरातून वसूल केलेली असते. घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्यांचा धिक्कार सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभीच आला आहे. माल वेळेवर पूर्ण घ्यायचा आणि तासांचे माप मात्र मारायचे, हे त्याहून वेगळे कसे? गोदामाच्या दारात रांगेत काढलेले दहा तास तर कोणाच्याच वहीत नसतात. ती विश्रांती नसते, मजुरी नसते. आणि गाडी भरली की ‘दिवसभर बसूनच तर होतास’ असे म्हणून चालकाला रात्री पिटाळले जाते.

हे ओझे एकट्या छोट्या मालकाने उचलावे, असे सांगणे अन्यायाचे होईल. ते साखळीतील प्रत्येकाने वाटून घ्यायचे आहे. आपल्यातील व्यापारी बंधूंनी माल मागवताना विश्रांतीचे तास धरून वेळ द्यावी. मालकांनी फेरीच्या भत्त्यात मुक्कामाच्या रात्रीचा भत्ता जोडावा आणि वेळेची कपात बंद करावी. जो स्वतःच मालक व चालक आहे, त्याने ध्यानात ठेवावे, की त्याचे तास मोजणारा सरकारी अधिकारी नसला तरी मोजणारा आहे. मुक्काम करताना रस्त्यापासून दूर थांबावे, ही प्रवाशांना दिलेली प्रेषितांची (स.) सूचना सहीह मुस्लिममध्ये आहे, महामार्गाच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकवर मागून आदळून किती जण प्राणास मुकतात, हे पाहिले की तिचे मोल कळते. महामार्गालगतच्या मशिदींच्या समित्यांनी थकलेल्या चालकासाठी, तो कोणत्याही धर्माचा असो, अंगणात सावली, पाणी आणि चार तास पाठ टेकण्याची जागा ठेवली, तर ती मोठी सेवा ठरेल. आणि घरच्यांनी फोनवर ‘कधी पोहोचणार?’ याआधी ‘झोपलात का?’ हे विचारावे.

प्रवाशासाठी अल्लाहने नमाज आखूड केली, रमजानचा रोजाही पुढे ढकलण्याची मुभा दिली. ज्या पालनकर्त्याने आपला स्वतःचा हक्क प्रवाशासाठी सैल केला, त्याचे दास आपला हक्क इतका आवळून धरतात, ही खेदाची गोष्ट आहे. अल्लाह आम्हा सर्वांना अमानतीची जाण देवो आणि रस्त्यावर असलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.