मान्यता कुणी द्यायची?

मी सूतगिरणीत कामाला आहे. शिक्षण दहावी नापास. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वस्तीतल्या विहाराच्या कपाटातलं. मी मानसशास्त्रावर बोललेलं पंडितांना रुचणार नाही. नको रुचू दे. मन काय फक्त पदवीवाल्यांनाच असतं?

आमच्या गल्लीतली एक पोरगी एम. ए. ला होती. विषय समुदाय मानसशास्त्र. म्हणजे माणसाचं दुखणं एकट्याच्या डोक्यात शोधायचं नाही. तो ज्या वस्तीत, ज्या रीतीभातीत जगतो तिथं शोधायचं. लघुप्रबंधासाठी तिनं आमच्याच पोरांना विचारलं, ‘बाहेर आडनाव विचारलं तर काय सांगता?’ मी तिला खरं सांगितलं. गिरणीत लागल्यावर आठ महिने मी मस्टरवर खरं आडनाव लावत होतो आणि चहाच्या टपरीवर खोटं सांगत होतो. रात्री बंडाच्या कविता लिहीत होतो, ते वेगळंच.

तिचे मास्तर म्हणाले, ‘तुम्ही त्याच वस्तीतल्या. तटस्थ कशा राहणार?’ मार्क काठावरचे. इकडं आमच्या बैठकीत कार्यकर्ते तिच्यावर तुटून पडले. ‘आपली लाज चव्हाट्यावर मांडलीस. विरोधकांच्या हातात कोलीत दिलंस.’ मी कोपऱ्यात बसून होतो. गप्प. तोंड उघडलं तर माझंच बिंग फुटलं असतं.

दोस्तहो, तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. विद्यार्थ्याच्या असल्या संशोधनाला मान्यता कुणी द्यायची? आणि मान्यता म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. मेमी फिप्स क्लार्क, आर्कान्सासची काळी मुलगी. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकताना तिनं १९३९ साली एम. ए. चा प्रबंध लिहिला. काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बालवाड्यांतल्या पोरांना स्वतःची जाणीव कशी होते, हा विषय. पुढं नवरा केनेथ याच्यासोबत तिनं तेच काम बाहुल्या घेऊन वाढवलं. ३ ते ७ वर्षांची २५३ काळी मुलं. बाहुल्या सारख्याच, फक्त रंग वेगळा. ‘वाईट दिसणारी बाहुली दे’ म्हटल्यावर शंभरातल्या ५९ मुलांनी आपल्या रंगाची बाहुली उचलून दिली. मग ‘तुझ्यासारखी कुठली?’ असं विचारल्यावर काही पोरं रडत निघून गेली.

हे काय गौरवाचं होतं? स्वतःच्या लेकरांच्या मनातली ती जखम होती. शाळांतल्या वेगळेपणाविरुद्धचा खटला लढणाऱ्या वकिलांतसुद्धा काहींनी या बाहुल्यांची टिंगल केली. तरीही हा पुरावा कोर्टात गेला. १७ मे १९५४ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या तळटीपेत केनेथचं नाव आलं. मेमीचं नाही. केनेथनंच पुढं कबूल केलं, की मूळ काम तिचं होतं. म्हणजे समाजाला न्याय मिळाला तरी विद्यार्थिनीची ओळख बुडू शकते. बाईची तर लवकर बुडते.

आता मास्तरांच्या तटस्थतेचं बघू. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं जातीवर निबंध वाचला. ते आपले बाबासाहेब. जात पसरली कशी, हे सांगताना त्यांनी मनाचाही विचार केला. वरच्याची नक्कल करायची खोड, तीही जात पसरवते, असं मांडलं. आणि शेवटी सांगितलं, की माझा सिद्धांत टिकत नाही असं कुणी दाखवून दिलं तर मी तो सोडून देईन. यापेक्षा वेगळी तटस्थता कुठली? वस्तीबाहेर जन्मला म्हणून कुणी तटस्थ होत नाही. चूक दाखवल्यावर मागं फिरायची ज्याची तयारी, तो तटस्थ. बाहेरचा येतो, फॉर्म भरून घेतो आणि परत तोंड दाखवत नाही. त्याला अभ्यासक म्हणायचं आणि आपल्या पोरीला पक्षपाती?

पण नुसतं विद्यापीठाला शिव्या घालून आपण सुटत नाही. आपल्यालाही शाबासकीच हवी होती. अभ्यासानं आपला लढा गावा, जखम दाखवू नये. मान्यता म्हणजे हारतुरे नव्हेत. ज्यानं उत्तर दिलं त्यानं पुढं येऊन ‘हो, हे माझं बोलणं आहे’ म्हणावं, चुकलं असेल तिथं हटकावं, आणि लिहिणारीचं नाव कागदावर राहू द्यावं. एवढी तीन कामं विद्यापीठाच्या परवानगीशिवाय होतात. ती आपण केली नाहीत.

मी तिच्या घरी गेलो होतो. म्हटलं, विहारात वाच सगळ्यांसमोर. ती म्हणाली, ‘परत शिव्या खायला?’ मी म्हटलं, ‘या वेळी एक जण आधी उठेल.’

येत्या रविवारी संध्याकाळी ती वाचणार आहे. तिनं कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, माझंही नाही. गप्प बसलो तर कुणाला कळायचं नाही. पण टपरीवाला तो मीच, हे मी उठून सांगणार आहे. खऱ्या आडनावानिशी.

तुम्ही या. पटलं नाही तर तिथंच तिला प्रश्न विचारा. जय भीम.