पथ्य त्यांचे, पहारा आपला?

गेल्या नाताळात मिस्सानंतर मंडपात फराळ होता. आपल्यातील एक वयस्क काका रांगेत उभे होते. त्यांच्या बशीत एक करंजी आणि केकचा तुकडा पडला, तोच आमच्यापैकी एकाने ती बशी हातातून काढून घेतली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "काका, तुम्हाला शुगर आहे ना! हे काय करता?" आजूबाजूचे हसले. काकाही हसले. त्यानंतर काका दर रविवारी मिस्साला येतात, पण चहाला थांबत नाहीत.

आमचा हेतू वाईट नव्हता, हे काकांनाही ठाऊक आहे. पण चांगला हेतू असला म्हणजे सगळे माफ होते का? एखाद्याच्या भल्यासाठी त्याला चारचौघांत लाजवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की आम्ही काहीच बोललो नसतो तर ते प्रेम ठरले असते का?

मधुमेह आता कोणा दुसऱ्याचा आजार राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शहरांत शंभर प्रौढांमागे सुमारे १६, तर खेड्यांत सुमारे ९. म्हणजे रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसणारा, किंवा आपण स्वतःच, या मोजणीत असू शकतो.

डॉक्टर रक्तातील साखर मोजतात आणि ते आवश्यकच आहे. पण कागदावरचा आकडा बरा आला म्हणजे माणूस बरा जगतो आहे, असे नेहमीच नसते. रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठणे, तळपायांची आग, धूसर होत जाणारी नजर, दर महिन्याच्या औषधांचा खर्च आणि 'उद्या पाय तर कापावा लागणार नाही ना' ही भीती कोणत्या रिपोर्टवर छापून येते? म्हणूनच आजारामुळे रोजचे जगणे किती बदलले, हे संशोधक आता रुग्णालाच विचारतात. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ क्लेअर ब्रॅडली यांनी १९९० च्या दशकात अशी एक प्रश्नावली तयार केली. मधुमेह नसता तर तुमचे काम, घर, प्रवास, खाणेपिणे कसे असते, असे ती विचारते. अनेक ठिकाणी ती वापरली गेली, तेव्हा सर्वांत दुखरी जागा बहुधा एकच निघाली. ती म्हणजे मनासारखे खाण्याचे स्वातंत्र्य.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे समजायला वेळ लागू नये. आपला जिल्हा धानाचा. पावसाळ्यात चिखलाच्या बांधीत वाकून रोवणी करायची, दिवाळीच्या सुमारास कापणी करायची आणि वर्षभर दोन्ही वेळा भात खायचा. ज्याने आयुष्यभर धान पिकवले त्याला 'तुझा भात बंद' असे सांगणे ही साधी गोष्ट नाही. डॉक्टर सहसा भात पूर्ण बंद करा असे सांगतही नाहीत. भात मोजका घ्या, वरण-भाजी वाढवा, जेवणाची वेळ पाळा, असे सांगतात. 'बंद' हा शब्द पुष्कळदा आपण घरचेच लावतो. मग एकाच घरात दोन ताटे होतात. सर्वांचे एक आणि आजाऱ्याचे एक. पंगतीत बसूनही तो माणूस एकटा जेवतो.

या एकटेपणावर आपण आणखी एक ओझे ठेवतो, ते म्हणजे दोषाचे. 'तरुणपणी जीभ आवरली नाही, आता भोगा,' असे आपण सहज बोलून जातो. पण हे तरी खरे आहे का? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडाने बारीक आणि स्नायूंनी कमी होती, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून सडपातळ, आतून चरबी जपलेली, अशी ही ठेवण पुढे मधुमेहाला वाट करून देते. म्हणजे शेतात राबणारा बारीक अंगाचा माणूसही मधुमेही होऊ शकतो आणि त्याची सुरुवात कदाचित त्याच्या आईच्या अर्धपोटी राहण्यात असते. सवयींचा वाटा आहेच, तो कोणी नाकारत नाही. पण सगळा हिशेब त्या एकट्या माणसाच्या नावावर मांडणे हा अन्याय आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली आणि त्या माणसाला बरे केले. आपण मात्र अजून पहिल्याच प्रश्नावर अडलो आहोत.

यावर कोणी म्हणेल, "ठीक आहे, पण त्यांनी पथ्य पाळले नाही तर निस्तरावे आम्हालाच लागते. डायलिसिसला नागपूरला कोण नेणार? रजा कोणाची जाणार? शेत कोणाचे गहाण पडणार?" हे म्हणणे खोटे नाही. मधुमेह एकाच्या रक्तात असतो, पण त्याची झळ साऱ्या घराला बसते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि पाच हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसले. औषधोपचारांमुळे रुग्णांचे जगणे फारसे बिघडले नव्हते. ते बिघडवले होते ते डोळे, हृदय, पाय यांवर उद्भवलेल्या गुंतागुंतीने. तेव्हा पथ्य आणि औषध म्हणजे शिक्षा नव्हे. पुढचे दिवस मोकळेपणाने जगता यावेत यासाठीच ते आहेत. म्हणून घरच्यांना बोलण्याचा हक्क आहे. गप्प बसणे हेही कधी कधी टाळाटाळीचेच दुसरे नाव असते.

पण बोलणे वेगळे आणि पहारा करणे वेगळे. पहाऱ्यात माणूस सुधारत नाही, लपवायला शिकतो. तो दुकानात उभ्याउभ्या पेढा खातो, घरी सांगत नाही आणि शेवटी डॉक्टरांनाही खरे सांगत नाही. खरे सांगायचे तर एकांतात, एकदा, प्रेमाने सांगावे. निर्णय त्याच्या हाती राहू द्यावा. आणि जे त्याला करायला सांगतो, त्यातले थोडे आपणही करावे. साऱ्या घराचाच भात थोडा कमी झाला आणि भाजी वाढली, तर वेगळे ताट उरतच नाही.

आणखी एक गोष्ट आपण पाहत नाही. पुरुषाला मधुमेह झाला की घरातील चार जण पहाऱ्याला बसतात. बाईला झाला की कोणीच बसत नाही. ती सर्वांना वाढून शेवटी जेवते. सकाळी गोळी घेतलेली असते आणि पोटात अन्न दुपारी जाते. मग हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर अशी एकदम उतरली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा. पण खरा उपाय याच्याही आधीचा आहे. आईला वेळेवर, सर्वांबरोबर जेवायला बसवणे.

उपवासाबद्दलही मनात भीती नको. कम्युनियनपूर्वी एक तास काही न खाण्याचा नियम आहे, पण पाणी आणि औषध चालते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेत वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना या नियमातून स्पष्ट सूट दिली आहे. उपवासकाळातही प्रकृतीला धोका होईल असा उपवास ख्रिस्तसभा आजाऱ्याकडून मागत नाही. तेव्हा मधुमेही भाविकांनी रिकाम्या पोटी येऊन बाकावर कोसळण्यात कसलेही पुण्य नाही.

मग आपण करायचे तरी काय? पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आपण दरवर्षी पाहतो. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. बांधीतला काटा रुततो, पण कळत नाही आणि साधी जखम चिघळते. संध्याकाळी आजोबांचे पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांत कुठे चीर पडली आहे का हे नातवाने पाहिले, तर त्याला पहारा कोण म्हणेल? तीच खरी सोबत. ज्यांचे वय तीसच्या वर आहे, त्यांनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातील साखर तपासून घ्यावी. शक्यतो एकट्याने न जाता शेजाऱ्याला बरोबर घ्यावे.

आणि आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. येत्या रविवारपासून मंडपातील चहा सर्वांसाठीच बिनसाखरेचा होईल. साखरेचा डबा आणि चमचा बाजूला असेल. ज्याला हवी त्याने घ्यावी, किती घेतली हे कोणी पाहू नये. शनिवारी संध्याकाळी आम्ही काकांच्या घरी जाणार आहोत. नाताळच्या दिवशी आमचे चुकले, एवढेच सांगायला. पथ्याविषयी त्या दिवशी काहीही बोलणार नाही.