आधी आज्ञा की आधी कृपा?

प्रभूची दया अमर्याद आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते सत्यच आहे. परंतु दयेविषयी बोलताना आज्ञांचा विषय निघाला की आपण अवघडतो. दहा आज्ञा धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करायच्या आणि प्रथम कम्युनियन झाले की तेथेच ठेवून यायच्या, अशी जणू आपली समजूत झाली आहे. देव क्षमाशील आहे ना, मग नियमांचा एवढा बाऊ कशाला?

दावीद राजाचा प्रसंग येथे आठवतो. परस्त्रीचा अभिलाष, व्यभिचार आणि शेवटी उरीयाचा घात : नववी, सहावी आणि पाचवी अशा तीन आज्ञा त्याने एकामागून एक मोडल्या. बथशेबाला मूल झाले तरी राजवाड्यात सारे सुरळीत चालले होते. दावीदाला आज्ञा ठाऊक नव्हत्या काय? होत्या, पण त्या आपल्याशी बोलत आहेत, हे त्याला ऐकू येत नव्हते. नाथान संदेष्टा आला तो क्षमेचा निरोप घेऊन नव्हे, तर एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट घेऊन. श्रीमंताने ती हिसकावून पाहुण्यासाठी कापली, हे ऐकताच दावीद संतापला आणि त्या माणसाने चौपट भरून द्यावे, असा निवाडा त्याने आपल्याच तोंडाने दिला. तो माणूस तूच आहेस, असे नाथानाने सांगितले तेव्हा कुठे पापाची कबुली आली, आणि कबुलीपाठोपाठ क्षमाही.

नाथानाने क्षमेपासूनच आरंभ केला असता तर? दावीद सुखावला असता. पण उरीयाचे काय? ज्या अपराधाचे नावही कोणी घेतले नाही, त्याची क्षमा म्हणजे त्या मृत सैनिकावर दुसरा अन्यायच. नियमशास्त्र पाप्याला धाक घालण्यासाठी असते, एवढेच आपण धरून चालतो. वास्तविक ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने ते बोलत असते, आणि आम्हांला तर हेच त्याचे मुख्य काम वाटते.

यावर कोणी विचारील, मग जक्कयाचे काय? प्रभूने त्याला एकही आज्ञा ऐकवली नाही. सरळ त्याच्या घरी उतरला. आक्षेप रास्त आहे. सीनाय पर्वतावरही आज्ञा मिळाल्या त्या मिसरच्या दास्यातून सुटका झाल्यावर. देवाचे प्रेम सदैव आधीचेच असते. परंतु जक्कय उठून काय म्हणाला? ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन. हा चौपटीचा आकडा त्याने कोठून आणला? मेंढी चोरून कापणाऱ्याने एकीच्या चार द्याव्यात, हे निर्गमाच्या पुस्तकातच आहे. कधीकाळी कानावर पडलेली आज्ञा प्रभूच्या सहवासात जागी झाली. ती कधी ऐकलीच नसती, तर प्रभूला जेवू घालून तो स्वस्थ बसला असता.

संत आगुस्तीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियसच्या मताचा प्रतिवाद करताना हेच समजावले. नियम माणसाला त्याचे दुखणे दाखवतो. बरे करण्याची शक्ती त्यात नाही, ती कृपेत आहे. दुखणे ठाऊकच नसेल तर वैद्याकडे जातो कोण?

आपल्या पापनिवेदनाचे पाहा. ‘राग आला, प्रार्थना चुकली, खोटे बोललो’ ही यादी वर्षानुवर्षे तीच असते. मोलकरणीचा थकवलेला पगार, वडिलार्जित जमिनीच्या कागदावर बहिणीला न समजावता घेतलेली सही, या गोष्टी त्या यादीत येत नाहीत. आपण त्या मुद्दाम लपवतो असेही नाही. सातवी आज्ञा म्हणजे दरोडेखोरांची, असे आपण ठरवून टाकलेले असते.

१९७३ साली रोमने प्रसिद्ध केलेल्या प्रायश्चित्त संस्काराच्या विधीत पापे सांगण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील वचन वाचण्याची सोय आहे. नाताळ किंवा ईस्टरच्या आधी रांग लांबते, फादर एकटे असतात, आणि ते वाचन गळून जाते. त्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. मात्र शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय घरून निघण्यापूर्वी वाचता येतो. नाथानाची गोष्ट त्यात पहिल्या काही ओळींतच आहे.